आभासी रेल्वे लिहायचीय? मग आधी गाडी थांबवायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, गाव खेडजवळ, पायथन आणि थोडं सी-शार्प येतं, आणि कोकण रेल्वेचा वीर ते रत्नागिरी हा पट्टा छंद म्हणून संगणकावर उभा करायचाय. युनिटी घ्यावं की गोडो (दोन्ही संगणकावरचे खेळ बनवायची सॉफ्टवेअर, म्हणजे 'गेम इंजिनं'), इंजिन-डब्यांची थ्रीडी मॉडेल्स कुठून आणावीत, आणि एकट्याने करायला किती महिने लागतील?

मॉडेल्सचं आत्ता डोक्यातून काढून टाका. हे तुसडेपणाने म्हणत नाही. माझ्याच हार्ड डिस्कवर अशा तीन रेल्वे पडून आहेत, ज्यांत डब्याच्या खिडकीचे गजसुद्धा दिसतात आणि गाडी मात्र दुसऱ्या स्टेशनापुढे जात नाही. दिवसा मी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो आणि गेली चौदा-पंधरा वर्षं रात्री हा उद्योग करतो. लहानपण कर्जतला स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर गेलं, त्यामुळे घाट चढायला मागून लागणाऱ्या बँकर इंजिनांचा आवाज ऐकतच झोपायची सवय होती. सिम्युलेशन लिहायला बसलो तेव्हा साहजिकच आधी इंजिनच काढलं. तिथेच चुकलो.

अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६ साली विद्यार्थ्यांचा एक मॉडेल रेल्वे क्लब सुरू झाला. त्यात पुढे दोन तट पडले. एक डबे रंगवणारा, डोंगर-झाडं लावणारा. दुसरा टेबलाखाली शिरून रिले आणि वायरी जोडणारा. सुरुवातीचे हॅकर म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांतले बरेच जण या टेबलाखालच्या तटातले. तुम्हालाही पहिले तीन महिने टेबलाखालीच काढायचे आहेत असं समजा.

गाडी पळवणं सोपं असतं. रविवारी सकाळी बसलात तर दुपारच्या जेवणापर्यंत पडद्यावर एक चौकोन सरकायला लागेल. ती कुठे थांबते, कशासाठी थांबते आणि किती वेळ खोळंबते, यात खरी रेल्वे आहे. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 'क्रॉसिंगला थांबलीय' हे वाक्य खिडकीत बसून तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. तुमच्या प्रोग्रॅममध्ये हेच व्हायला हवं: 'अंजनीला दहा मिनिटं थांब' असं कुठेही लिहिलेलं नसताना गाडी अंजनीला थांबली पाहिजे, आणि समोरून दुसरी आली म्हणून थांबली पाहिजे. एवढं जमलं की बाकी सगळी सजावट.

म्हणून पट्टाही लहान घ्या. रोहा ते वीर २०२१ मध्ये दुहेरी झालाय, त्यापुढे एकेरी मार्ग लागतो. पण वीर ते रत्नागिरी सगळा एकदम नको. खेड, अंजनी, चिपळूण एवढी तीनच स्टेशनं. प्रत्यक्षात तिथे किती लाइनी आहेत हे नंतर बघू. आधी प्रत्येक ठिकाणी एक मुख्य लाइन आणि एक लूप (मुख्य लाइनीतून फुटून पुढे पुन्हा तिलाच मिळणारा बाजूचा रूळ) धरा.

आता रूळ. बहुतेक जण ग्राफ थिअरीचा (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचा) धडा आठवून सांध्याला, म्हणजे रूळ जिथे दोन वाटांना फुटतो त्या जागेला, बिंदू करतात आणि रुळाला रेषा. तीन रेषा एका बिंदूत मिळाल्या की झाला सांधा. मग सर्वांत जवळची वाट शोधणारा अल्गोरिदम चालवतात, आणि तो गाडीला मुख्य लाइनवरून सांध्यापर्यंत नेऊन तिथल्या तिथे लूपमध्ये उलटी वळवतो, चौकात रिक्षा वळते तशी. सांध्याला एक टोकाची बाजू असते आणि दोन फाटे. टोकाकडून आलात तर दोनपैकी एका फाट्यावर जाता येतं; फाट्यावरून आलात तर फक्त टोकाकडे. एका फाट्यावरून दुसऱ्या फाट्यावर जाताच येत नाही.

यावर मला सापडलेला सर्वांत कमी कटकटीचा उपाय असा: रुळाच्या प्रत्येक तुकड्याला दोन टोकं द्या, 'अ' आणि 'ब', आणि जोडण्या तुकड्यांच्या न करता टोकांच्या करा. तुकडा १ चं 'ब' टोक तुकडा २ च्या 'अ'ला आणि तुकडा ३ च्या 'अ'ला जोडलंय; २ आणि ३ एकमेकांना जोडलेले नाहीत. गाडी ज्या टोकाने तुकड्यात शिरली त्याच्या विरुद्ध टोकानेच बाहेर पडणार, एवढा एकच नियम. रिक्षासारखं वळणं आपोआप बंद होतं. गाडीची जागा सांगायला तीनच गोष्टी लागतात: कुठला तुकडा, त्याच्या 'अ' टोकापासून किती मीटर, आणि तोंड कुठल्या दिशेला. नकाशातले अक्षांश-रेखांश फक्त चित्र काढताना. ते हिशेबात घुसले की रात्री दोन वाजेपर्यंत कोसाइन शोधत बसाल.

गाडी म्हणजे नुसता एक बिंदू नाही, तिला लांबी आहे. पुढचं टोक नव्या तुकड्यात शिरलं की तो तुकडा यादीच्या पुढे जोडा, शेपूट जुन्यातून निघाली की तो मागून काढा. तुकडा मोकळा होतो तो शेपूट निघाल्यावर. ऐकायला बावळट वाटेल, पण या चुकीवर मी दोन शनिवार घालवलेत. गाडीचं इंजिन फलाटाला लागलं की माझा प्रोग्रॅम मागचा सेक्शन (दोन स्टेशनांमधला रूळ) मोकळा करायचा, आणि शेवटचे चार डबे अजून सांध्यावर असताना तो सांधा फिरायचा. खऱ्या रेल्वेत याचसाठी शेवटच्या डब्यावर 'एलव्ही'ची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी असते. ती दिसली तरच गाडी अख्खी आली असं मानतात. मध्येच तुटून काही डबे मागे राहिले नाहीत ना, हे त्यावरून कळतं. तुमच्या प्रोग्रॅमलाही ती पाटी बघायला शिकवा.

लांबीचा दुसरा त्रास लूपमध्ये होतो. ५८ उघड्या 'बॉक्सएन' वाघिणींची मालगाडी इंजिन सोडूनच सव्वासहाशे मीटरच्या आसपास भरते. आपल्याकडे लूपमध्ये गाडी उभी करायची प्रमाणित जागा बरीच वर्षं ६८६ मीटर धरली गेली, ती याच हिशेबाने. तुम्ही नकाशावर अंदाजाने ५०० मीटरची लूप काढलीत तर मालगाडी आत शिरेल, पण शेपूट सांध्यावर राहील, मुख्य लाइन अडेल, आणि समोरच्या गाडीला वाट का मिळत नाही हे शोधताना तुम्ही सिग्नलच्या कोडला शिव्या घालत बसाल. म्हणून लूपच्या दोन्ही बाजूंना फाउलिंग मार्कची (जी ओलांडून उभी राहिलेली गाडी शेजारची लाइन अडवते, त्या खुणेची) जागा आकड्यात ठेवा, आणि लूपमध्ये घेण्याआधीच गाडी मावते का ते तपासा.

नकाशाची माहिती ओपनस्ट्रीटमॅपवरून फुकट मिळते आणि मार्गाची आखणी चांगली असते. पण ती जशीच्या तशी घेऊ नका. दोन रूळ दिसायला जोडलेले, प्रत्यक्षात समान बिंदूच नाही, असं खूप सापडतं. टोकं एकमेकांपासून अर्ध्या मीटरच्या आत असतील तर जोडून टाकणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि उरलेली हाताने तपासा. खरी गंमत उंचीची आहे. उपग्रहावरून मोजलेली जमिनीची उंची मार्गावर चिकटवलीत तर उक्षी आणि भोके यांच्यामध्ये गाडी डोंगर चढून जाईल. तिथे करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, उपग्रहाला दिसतो तो वरचा डोंगर. पुलांचंही तेच, फक्त उलट: गाडी दरीत उतरून पुन्हा वर येते.

यावर तपासणीची एक सोपी युक्ती आहे. कोकण रेल्वे आखताना जास्तीत जास्त चढ १५० त १ ठेवला होता, म्हणजे दीडशे मीटर गेल्यावर एक मीटर. तुमच्या उंचीच्या आलेखात यापेक्षा तीव्र चढ दिसला की समजायचं आकडा खोटा आहे. तो भाग खोडा आणि दोन्हीकडच्या खऱ्या बिंदूंमध्ये सरळ रेष ओढा. खरे बिंदू कुठून आणायचे? स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पुढच्या वेळी गावी जाताना प्रत्येक स्टेशनावर खिडकीतून त्या पाटीचा फोटो काढत जा. घरचे वेडा म्हणतील, म्हणू देत.

आकड्यांचंच निघालंय तर एक गोष्ट आत्ताच सांगतो. खेळांची इंजिनं ३२ बिटांचे अपूर्णांक वापरतात. सुरुवातीच्या बिंदूपासून १०० किलोमीटरवर त्या आकड्यांत दोन शेजारच्या किमतींमधलं अंतर सुमारे ८ मिलिमीटर होतं. म्हणजे डबा सरकत नाही, टुकटुक उड्या मारतो. हिशेब ६४ बिटांत ठेवा आणि चित्र काढताना कॅमेऱ्याच्या सापेक्ष जागा काढून मगच ३२ बिटांत उतरवा.

आता सिग्नल, आणि प्रकल्पाचा गाभा. आपण 'सिग्नल पडला' म्हणतो म्हणजे गाडीला वाट मिळाली. जुन्या हाताच्या सिग्नलचा हात खरंच खाली पडायचा, त्यावरून ते आलं. रंगीत दिव्यांच्या सिग्नललाही आपण तेच म्हणतो. कोडमध्ये मात्र सिग्नल हे कारण नसतं, तो परिणाम असतो. नवखा माणूस सिग्नलला रंग देतो आणि रंग बघून गाडी हलवतो. उलटं करा. आधी 'मार्ग' ही वस्तू बनवा: अमुक सिग्नलपासून तमुक सिग्नलपर्यंत, त्यात येणारे तुकडे, आणि प्रत्येक सांधा कुठल्या बाजूला लागलेला हवा. मार्ग मागितला की त्यातला प्रत्येक तुकडा मोकळा आहे का, दुसऱ्या कुणी राखून ठेवलाय का, ते बघा. सगळं मोकळं असेल तर सगळं एकदम राखून ठेवा, अर्धवट कधीच नाही. मग सांधे फिरवा, कुलूपबंद करा, आणि त्यानंतरच सिग्नल पाडा. गाडीची शेपूट ज्या ज्या तुकड्यावरून निघेल तो सोडत जा. इंटरलॉकिंग म्हणतात ते इतकंच, पण क्रम एका जागीही इकडचा तिकडे झाला तर टक्कर ठरलेली. थांबायच्या सिग्नलच्या पुढेही थोडी जागा राखावी लागते, चालकाचा अंदाज चुकला तर म्हणून. अनेक रंगी सिग्नलला आपल्याकडे ती १२० मीटर धरतात. पहिल्या आवृत्तीत नाही घातलीत तरी चालेल, पण रकाना ठेवा.

दोन स्टेशनांमधल्या एकेरी मार्गासाठी नील्स टोकनचा लोखंडी गोळा आठवा. दोन्ही स्टेशनांची यंत्रं विजेने जोडलेली, त्या सेक्शनसाठी एका वेळी एकच गोळा बाहेर येणार, आणि तो हातात असल्याशिवाय चालक गाडी काढणार नाही. तुम्ही कॉलेजात म्यूटेक्स शिकलात ना, तोच हा, फक्त हातात धरता येतो. प्रत्येक सेक्शनला एक गोळा द्या.

एवढं करून मी माझी एकेरी लाइन पहिल्यांदा रात्रभर चालत ठेवली. सकाळी चहा घेऊन बघतो तर सगळं थिजलेलं. अंजनीच्या दोन्ही लाइनींवर चिपळूणकडे जाणाऱ्या गाड्या, चिपळूणच्या दोन्ही लाइनींवर मुंबईकडे निघालेल्या, आणि मधला रूळ स्वच्छ रिकामा. गोळा यंत्रात, सिग्नल लाल, टक्कर नाही, चूक नाही. प्रत्येक गाडीने नियम पाळला होता. पण अंजनीहून गाडी सोडावी तर चिपळूणला जागा नाही, आणि चिपळूणहून सोडावी तर अंजनीला नाही. कोंडी पहाटे कधीतरी झाली होती आणि त्यापुढे चार तास माझा प्रोग्रॅम नेमाने काहीच करत नव्हता.

सुरक्षा आणि नियोजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. गोळा टक्कर टाळतो, कोंडी टाळत नाही. कोंडी टाळतो तो सेक्शन कंट्रोलर, म्हणजे पट्ट्यावरच्या गाड्यांचा क्रम ठरवणारा माणूस, दहा स्टेशनं पुढचा विचार करून. कोडमध्ये त्याची जागा घ्यायला संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने १९६० च्या दशकात दिलेला एक अल्गोरिदम कामाला येतो. त्याचं नाव 'बँकर्स अल्गोरिदम'. कर्जतच्या बँकरशी त्याचा संबंध नाही, हा कर्ज देणारा बँकर. गाडी सोडण्याआधी मनातल्या मनात ती पुढच्या स्टेशनात उभी करा. मग बघा: बाकी सगळ्या जिथल्या तिथे उभ्या धरल्या तर कुठली एक गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊ शकते? सापडली तर तिला चित्रातून काढा आणि उरलेल्यांसाठी तेच विचारा. सगळ्या निघाल्या तर सोडा. अडकलं तर थांबवा, पुढचा सिग्नल हिरवा करता येत असला तरी. पद्धत जरा जास्तच भित्री आहे, कधी कधी चालण्यासारखी हालचालही नाकारते, पण तीन ते पंधरा स्टेशनांना उत्तम पुरते.

नंतर तुम्ही प्राधान्य घालाल: मेल-एक्स्प्रेस आधी, मग पॅसेंजर, मग मालगाडी. घाला, पण थांबलेल्या प्रत्येक मिनिटागणिक प्राधान्य थोडं वाढवत न्या. माझी एक मालगाडी सिम्युलेशनमधले अडीच दिवस करंजाडीला उभी होती आणि मला पत्ताही नव्हता.

हे सगळं बघायला थ्रीडी लागत नाही. कंट्रोलरचा तक्ता काढा: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं, प्रत्येक गाडीची एक तिरकी रेष. पूर्वी कंट्रोल ऑफिसात हा कागदावर रंगीत पेन्सिलींनी हाताने काढत. गाडी थांबली की रेष आडवी होते, क्रॉसिंग झालं की स्टेशनाच्या ओळीवर दोन रेषा छेदतात. एकेरी मार्गावर दोन रेषा स्टेशनाच्या ओळीबाहेर छेदलेल्या दिसल्या तर समोरासमोर टक्कर झालेली आहे, कोड काहीही म्हणो. इतकं बोलकं डीबगिंगचं साधन मला दुसरं मिळालेलं नाही. मी आजही आधी हा तक्ता बघतो, मग पडदा.

आता इंजिनाकडे येऊ, तुमचा जीव तिकडे अडकलाय हे ठाऊक आहे. सुरुवातीला अख्खी गाडी एक वस्तुमान धरा:

प्रवेग = (ओढ − चालरोध − चढाचा जोर − ब्रेक) ÷ वस्तुमान

ओढ म्हणजे इंजिनाची जास्तीत जास्त ओढ आणि शक्ती भागिले वेग, यांतला लहान आकडा. चालरोधासाठी (चाकांचं घर्षण आणि हवेचा अडथळा) डेव्हिसचं सूत्र: एक स्थिर पद, एक वेगाच्या पटीत, एक वेगाच्या वर्गाच्या पटीत. चढासाठी इंजिनाखालचा चढ घेऊ नका. सव्वासहाशे मीटरची गाडी अर्धी चढावर, अर्धी उतारावर असू शकते. प्रत्येक डब्याखालचा चढ मोजून बेरीज करत बसायचीही गरज नाही. वजन सारखं पसरलंय असं धरलं तर चढाचा जोर = वस्तुमान × गुरुत्व × (पुढच्या टोकाची उंची − शेपटीची उंची) ÷ लांबी. मधले सगळे चढ-उतार आपोआप कटतात. हे पहिल्यांदा वहीवर सुटलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो.

हा हिशेब बरोबर चाललाय का हे बघायला कोकणचे सौम्य चढ उपयोगाचे नाहीत, कर्जत-लोणावळा घ्या. १८६३ साली खुला झालेला हा घाट जवळपास २८ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर चढतो आणि त्याचा कमाल चढ ३७ त १ आहे. ५० टनांचे १८ डबे आणि १२३ टनांचं डब्ल्यूएपी-७ इंजिन, म्हणजे १०२३ टन. नुसत्या चढाचा जोर भरतो २७१ किलोन्यूटन, चालरोध धरून २९० च्या घरात. इंजिनाची सुरुवातीची ओढ सुमारे ३२०. म्हणजे कागदावर गाडी सुटते, पण प्रवेग सेकंदाला सेकंदाला जेमतेम ३ सेंटिमीटर. ताशी ३६ चा वेग गाठायला साडेपाच मिनिटं. आता पाऊस पाडा. रूळ ओले, चाकांची रुळावरची चिकटण घसरून ०.२ वर आली, तर १२३ टनांच्या वजनावर जेमतेम २४० किलोन्यूटन रुळापर्यंत पोचतात. चाकं जागच्या जागी फिरतात. त्यात सगळी ओढ पुढूनच दिली तर अख्ख्या गाडीचा ताण पहिल्या कपलिंगवर. म्हणून मागून बँकर. लहानपणी ऐकलेल्या आवाजाचं कारण मला असं स्वतःच्या कोडमधून, चौतिसाव्या वर्षी कळलं.

उतरताना तोच चढ उलटतो. ताशी ५० वरून सपाटीवर १९० मीटरमध्ये थांबवणारा ब्रेक ३७ त १ च्या उतारावर ४१० मीटर घेतो. सुटलेली गाडी चढावर वळवून थांबवायला घाटात कॅच सायडिंग ठेवतात ते यासाठीच.

ब्रेकमध्ये दोन खड्डे आहेत. पहिला: उभी गाडी थरथरते. ब्रेकचा जोर वेगाच्या विरुद्ध लावलात की शून्याजवळ वेग एका पावलात (हिशेबाच्या एका वेळ-टप्प्यात) उलटा होतो, पुढच्या पावलात ब्रेक दुसऱ्या बाजूला, आणि गाडी फलाटावर हिवताप आल्यासारखी थडथडते. एका पावलात वेगाचं चिन्ह बदललं आणि ब्रेक बाकी जोरांना पुरून उरत असेल, तर वेग सरळ शून्य करा. दुसरा: हवेचा ब्रेक सगळ्या डब्यांना एकदम लागत नाही. ब्रेक पाइपमध्ये प्रति चौरस सेंटिमीटर ५ किलो दाब असतो, चालक तो घटवतो आणि ती बातमी पाइपातून मागे जाते, ध्वनीपेक्षा जलद जाऊच शकत नाही. सव्वासहाशे मीटर मागच्या वाघिणीला ती कळायलाच दोनेक सेकंद, आणि मालगाडीचा ब्रेक सिलिंडर पूर्ण भरायला १८ ते ३० सेकंद. प्रवासी गाडीला ३ ते ५. एवढा एक विलंब घातलात तरी मालगाडी मालगाडीसारखी वागायला लागते. डब्याडब्यांमधले झटके, स्प्रिंग वगैरे मात्र पहिल्या वर्षी हात लावू नका. पाऊल जरा मोठं पडलं की डबे आकाशात उडतात.

पाऊल स्थिर ठेवा, ०.१ सेकंद पुरतं. वेग साठपट करायचा तर पाऊल मोठं करू नका, पावलं जास्त टाका. नाहीतर साध्या वेगात न होणारी टक्कर जलद वेगात होते आणि कारण कधीच सापडत नाही. वेळापत्रकात वेळ सेकंदांच्या पूर्णांकात ठेवा आणि मध्यरात्रीनंतर शून्यावर आणू नका. कोकणकन्या रात्री मुंबईहून सुटून सकाळी मडगावला पोचते. तिला २५:४० सारखी वेळ लिहू दिलीत तर निम्मे बग जन्मालाच येत नाहीत. वेळापत्रक कोडबाहेर फाइलीत हवं, कारण कोकणात पावसाळ्याचं वेगळं असतं.

आता राहिलेले प्रश्न. युनिटी की गोडो? वरचं सगळं कुठल्याही खेळाच्या इंजिनाशिवाय, साध्या पायथनमध्ये लिहा. तेवढं चालायला लागलं की चित्रासाठी गोडो घ्या. फुकट आहे, हलकं आहे, सी-शार्पही चालतं. मॉडेल्स तेव्हा शोधू. मध्येच अडलात तर दुसऱ्यांचा कोड वाचा: ओपनटीटीडी या खेळात मार्ग राखून ठेवायची पद्धत, ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरमध्ये ब्रेक आणि ओढ. दोन्हींचा कोड खुला आहे. महिने म्हणाल तर तीन स्टेशनांचं, तक्त्यासकट, परीक्षा सांभाळून चार. पूर्ण पट्ट्याचा आकडा मी देणार नाही.

गाडी जोडणं-तोडणं तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याची जागा आत्ताच करून ठेवा. गाडीचा क्रमांक आणि वेळापत्रक ही एक वस्तू, डब्यांची रेक दुसरी, इंजिन तिसरी. मी तिन्ही एकातच कोंबल्या होत्या. कर्जत-लोणावळ्याच्या माझ्या आवृत्तीत बँकर कर्जतला मागे लागायचा, लोणावळ्याला सुटायचा, आणि मग त्याला स्वतःचा क्रमांक नसल्याने तो कुणाचाच नसायचा. संध्याकाळी साडेसहाला लोणावळ्याच्या यार्डात अकरा इंजिनं साठलेली, आणि खाली कर्जतला एक एक्स्प्रेस मागे लावायला काही नाही म्हणून उभी. तिन्ही वस्तू वेगळ्या करायला तीन आठवडे गेले. मग रिकाम्या इंजिनांना दोन-दोन जोडून परतीच्या फेऱ्या दिल्या. त्यांनी खाली येणाऱ्या लाइनवर जागा खाल्ली, आणि त्या रात्री एक मालगाडी घाटातल्या ठाकूरवाडीच्या अलीकडे सिग्नलला उभी राहिली, नऊ मिनिटं, मी कोडमध्ये कुठेही तसं लिहिलेलं नसताना.